घड्याळाकडे तोंड करून

मी शुक्र पाहिला नाही.
म्हणजे तसा पाहिला, पुष्कळदा,
गाय होती तेव्हा, पहाटे धारा काढायला जाताना.
पण त्या शनिवारी दुपारी
तो सूर्याच्या अंगावरून चालत गेला
तेव्हा माझी पाठ खिडकीकडे होती.

तेरा वर्षांची मी. माझं काम मोजणं.
घड्याळ ओकच्या खांबाला ठोकलेलं,
खांब जमिनीत चार फूट,
म्हणजे पाळकांच्या घरात कुणी पाय आपटला
तरी लोलकाला त्याचं काही नाही.
वडील म्हणाले, केझाया, आग लागली तरी मोजत राहा.
मान वळवायची नाही.
मान वळवून मिठाचा खांब झालेल्या बाईची गोष्ट
मला वेगळी सांगावी लागली नाही.

दुर्बीण बॉस्टनहून गलबतातून आली होती, पेंढ्यात निजून.
गाय तिच्यातच गेली.
आई यावर एक शब्द बोलली नाही,
रोज सकाळी रिकामी चरवी घासून
उंबऱ्यावर उपडी घालायची, वडिलांना दिसेल अशी.

दाराशी डीकन अमासा पेक बसलेला,
पाळकाच्या पगाराची लाकडं नेहमी ओली धाडणारा.
चर्चच्या मनोऱ्यावरून वडिलांनी
शिशाची गोळी आणि एक शलजम एकदम सोडून दिलं होतं,
तेही त्याला अजून पचलं नव्हतं.
तो सूर्य पाहायला आला नव्हता.
सूर्य मावळतो कधी ते पाहायला आला होता,
कारण आमच्याकडे शनिवारी सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो
आणि मग आकडेमोड हे पाप.

एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस.
मागे वडिलांचा श्वास थांबलेला ऐकू येत होता.
"आता," ते म्हणाले.
मग, "नाही. थांब."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग पुन्हा, हळू, जरा शरमून: "आता."

दोन आतांच्या मध्ये मी अठरा मोजले.

नंतर त्यांनी कागदावर काढून दाखवलं:
काळा ठिपका सूर्यात शिरला, पण कडेला सोडेना,
टाकाच्या टोकाला शाईचा थेंब लोंबतो
आणि तुटत नाही, तसा.
आत म्हणावं तर बाहेर चिकटलेला.
पहिला आता धरला तर सूर्य इतका दूर,
दुसरा धरला तर आणखी कितीतरी लाख मैल.
"आणि खरं कुठलं?" मी विचारलं.
त्यांनी टाक पुसला.

मावळतीला शुक्र सूर्यावरच होता,
दोघं मिळून पेकच्या कुरणामागे बुडाले.
डीकन उठला, खाकरला.
वडिलांनी सात लिहायला घेतला होता,
तो तसाच अर्धा ठेवला.

रविवारी दोन तास प्रवचन झालं. कशावर, विचारू नका.
मी पाहत होते त्यांचं बोट,
व्यासपीठाच्या लाकडावर भागाकार करणारं.

सोमवारी उजाडायच्या आत दार वाजलं.
पेक. पाठीवर मोळी, कडकडीत वाळलेली.
ती टाकून, टोपी हातात घेऊन म्हणाला,
"मग? किती लांब आहे?"
"ठाऊक नाही," वडील म्हणाले.
"बाकीच्यांची पत्रं यायला दोन वर्षं तरी."
पेकने मान हलवली, आणि लाकडं परत नेली नाहीत.

फिलाडेल्फियाला धाडलेल्या कागदात
त्यांनी दोन्ही आता लिहिले, एकाखाली एक.
खाली एक ओळ: मोजणारी व्यक्ती भरवशाची.
नाव नाही. मला ते पुरलं, त्या वयात.

पुढची खेप एकशे पाच वर्षांनी. ती काही माझी नाही.

वडील गेले त्या रात्री मी उशाशी होते.
या वेळी तोंड त्यांच्याकडे, घड्याळ पाठीमागे.
श्वास थांबला. मी म्हटलं, आता.
नाही, थांब.
टिकटिक कानांनी मोजत राहिले.

घरच्या बायबलात, मागच्या पानावर,
त्यांच्या नावापुढे
मी दोन वेळा लिहिल्या आहेत.